मीठवाली

पडद्यावर सहावी ठिणगी उमटली तेव्हा मी संत्रं सोलत होते. खोलीतल्या सगळ्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं आणि मग, ठरल्यासारखं, माझ्या तोंडाकडे. मी सालीवरून नजर उचलली नाही. साल न तोडता एका दमात काढायची असा माझा पण आहे आणि तो मी मुद्दाम याच खोलीत पाळते, कारण इथे माझ्या डोळ्यांना आणि हातांना काहीतरी काम लागतं.

"हिच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलत नाही," पंपवाला म्हणाला. पंपवाला म्हणजे टाकीचे पंप सांभाळणारा आमचा इंजिनिअर.

"माशी बसू दे तर खरी, मग हलवते," मी म्हणाले आणि एक फोड तोंडात टाकली.

सगळे हसले. माझा नवरा हसला नाही. नोंदींचा अर्थ लावणाऱ्या गटाचा तो प्रमुख. येईल त्या गोष्टीवर शंका काढतो म्हणून प्रयोगशाळेत त्याला शंकासुर म्हणतात आणि त्याला ते आवडतं. कामाच्या खोलीत बायकोच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असा त्याने स्वतःसाठी नियम केला आहे. सहावी ठिणगी पडली तेव्हाही तो पडद्याकडेच बघत होता, मान अवघडेपर्यंत.

आमची टाकी एका बंद पडलेल्या खाणीत आहे. वरचा डोंगर बाहेरचे बहुतेक किरण अडवतो, आणि खाली काळोखात थंडगार द्रवरूप झेनॉन भरलेली टाकी वाट बघत बसते. कशाची वाट? आकाशगंगांमधले तारे हिशेबापेक्षा फार जोरात फिरतात. आधी झ्विकींना आकाशगंगांच्या झुंडी बघून संशय आला, पुढे व्हेरा रुबिन यांनी एकेका आकाशगंगेतला वेग मोजून दाखवला, आणि तेव्हापासून सगळं जग विचारतंय की या ताऱ्यांना धरून ठेवणारं, न दिसणारं हे द्रव्य आहे तरी काय. त्या द्रव्याचा एखादा कण झेनॉनच्या अणूवर आपटला तर बारीकशी ठिणगी पडेल. ती बघायला आम्ही जन्म घालवतो. तो कण साधारण कसा असावा, हे माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी कागदावर मांडलं होतं. त्यांचा फोटो आता मुलांच्या पाठ्यपुस्तकात आहे. कण मात्र अजून सापडलेला नाही.

शोधणाऱ्याला हवं ते दिसतं, हा आमच्या धंद्यातला जुना रोग. त्यावरचं औषधही सासऱ्यांनीच आमच्या प्रयोगशाळेत आणलं. दर फेरीला गटातल्या एका माणसाने नोंदींमध्ये गुपचूप खोट्या ठिणग्या मिसळायच्या. अगदी खऱ्यासारख्या. किती मिसळायच्या ते त्याच्या मनावर नाही, फासे टाकून ठरवायचं. या खोट्या ठिणग्यांना आम्ही मीठ म्हणतो. बाकीच्यांनी आपली चाळणी तयार करायची: कुठली नोंद ठेवायची, कुठली कचरा म्हणून टाकायची. चाळणी पक्की झाली, आता तिला कोणी हात लावणार नाही, असं सगळ्यांनी जाहीर केलं की त्या दिवशी मीठवाल्याने तोंड उघडायचं आणि आपलं मीठ वेचून बाजूला काढायचं. त्याआधी 'हो' नाही, 'नाही' नाही, मान हलवणं नाही. मीठवाल्याने कोणालाही आधी सांगितलं, किंवा चाळणी करणाऱ्या कोणाला आधी कळलं, तर त्या फेरीच्या सगळ्या नोंदी उकिरड्यावर टाकायच्या. ज्याला कळलंय त्याचा हात चाळणीवर आपोआप हलतो, हे त्यामागचं कारण.

या फेरीची मीठवाली मी. माझा चेहरा भिंतीसारखा आहे असं सगळ्यांचं एकमत झालं म्हणून. बाईमाणसाला यापेक्षा बरं काही म्हणता आलं असतं, पण असो.

फासे टाकले तेव्हा मी एकटीच होते. फाशांनी सांगितलं, या वेळी काहीच घालायचं नाही. मी काहीच घातलं नाही. एक चिमूटसुद्धा नाही.

म्हणजे पडद्यावरच्या त्या सहा ठिणग्या माझ्या नव्हत्या. ही गोष्ट जगात एकट्या मला माहीत होती, आणि मी संत्रं खात बसले होते.

*

बाहेरच्या लोकांना वाटेल की खोलीत जल्लोष झाला असेल. जल्लोषाचं नाव नको. सगळ्यांची ठाम समजूत होती की हे मीठच आहे. एकदा तोंड पोळलेली माणसं होती ती.

मागच्या फेरीला मीठवाले स्वतः बाबा होते, माझे सासरे. तेव्हाही अशाच ठिणग्या पडल्या होत्या आणि तेव्हा जल्लोष झाला होता. सासूबाई त्या वेळी शेवटच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या. माझा नवरा खाणीतून वर आला तो थेट त्यांच्या खोलीत. "आई, बाबांचा कण सापडला," तो म्हणाला. सासूबाईंनी बाबांचा हात धरला. "एकदाचा सापडला म्हणायचा," त्या म्हणाल्या. "आता तरी जेवताना कागदावर रेघोट्या ओढू नका." बाबा तिथेच उभे होते. त्यांनी तो हात तसाच धरून ठेवला आणि ते काहीही बोलले नाहीत.

चाळणी पक्की व्हायच्या आत सासूबाई गेल्या. मग तो दिवस उजाडला आणि बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "सगळं मीठ माझंच आहे."

नवऱ्याने त्यांना त्याबद्दल माफ केलं नाही. "आईला खोट्या बातमीवर पाठवलंत तुम्ही," एवढं एकच वाक्य तो त्यांना बोलला. बाबांचं उत्तरही एकच होतं. "मी खोटं बोललो नाही. मी बोललोच नाही." तेव्हापासून बापलेक हवापाण्याचं आणि गणिताचं बोलायचे. मला विचाराल तर तेव्हा मी नवऱ्याच्या बाजूने होते. मरणाऱ्या बाईच्या उशाशी कसले आलेत नियम, असं मी त्याला म्हटलंही होतं.

आणि आता बाबांच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. सर्जन बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. ऑपरेशन गुरुवारी सकाळी. नाही केलं तर फार दिवस नाहीत, केलं तर उठतील याची खात्री नाही.

"दोन-चार दिवस पुढे ढकलता येईल का?" मी विचारलं.

"कशासाठी?"

"सहज विचारलं," मी म्हणाले. सर्जन बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच पेशंट आहे.

माझा हिशेब सरळ होता. बाबा गुरुवारी आत जाणार. बुधवारपर्यंत चाळणी पक्की झाली, तर बुधवारी मला तोंड उघडता येईल. तोंड उघडलं की बाबांना कळेल की आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते बहुतेक दारात येऊन उभं आहे. नाही झाली, तर ते काहीच न कळता आत जातील आणि कदाचित परत येणार नाहीत. चाळणीत एकच तपासणी उरली होती. टाकीला नवीन झडप बसवली होती, तिच्या धातूतून किरण झिरपून ठिणग्या पडत नाहीत ना, एवढं बघायचं होतं. दोन्हीकडे झडपच. बाबांना हे मी सांगितलं तेव्हा ते खोकला येईपर्यंत हसले होते.

ती तपासणी माझ्या नवऱ्याच्या हातात होती.

*

रविवारी सकाळी तो जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून बसला होता. मी समोर चहा ठेवला आणि जमेल तितक्या कोरड्या आवाजात विचारलं, "झडपेचं कुठवर आलंय?"

"झाल्यात जमा आहे."

"मग बुधवारी उघडून टाकू."

"नको," तो म्हणाला. "मी ती तपासणी लांबवतोय."

मी हातातली बशी टेबलावर ठेवून दिली. "का?"

"का म्हणजे? बाबा ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी आपण त्यांना सांगायचं, की बाबा, याही वेळी मीठच निघालं? त्या हृदयाला सोसेल ते? काहीच कळलं नाही तर निदान थोडीशी आशा तरी असेल. शुद्धीवर आले की मग सांगू."

तो हे इतक्या मायेने बोलला की मला त्याला कवटाळावंसं वाटलं आणि त्याच वेळी तो कॉम्प्युटर त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. वडिलांशी धड न बोलणारा हा माणूस, त्यांना जपायला निघाला होता आणि नेमकी त्यांची आयुष्यभराची गोष्टच त्यांच्यापासून लांब ठेवत होता. आणि मी तोंडातून ब्र काढू शकत नव्हते.

"मीठच आहे हे तू कशावरून ठरवलंस?" मी विचारलं, आणि वाक्य संपायच्या आत जीभ चावली. हा प्रश्न मीठवालीने विचारायचा नसतो.

तोही दचकला. "तू असं काही विचारू नकोस," तो हळूच म्हणाला. "मी ऐकलंच नाही." मग त्याने चहा घेतला, कॉम्प्युटर उचलला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसला. मी बराच वेळ स्वयंपाकघरातला नळ सोडून उभी होते, भांडं एकही न घासता.

सोमवार, मंगळवार मी दुसरे मार्ग शोधले. पंपवाल्याला म्हटलं, जरा शंकासुराच्या मागे लाग. तो म्हणाला, "वहिनी, तुम्हाला घाई झालेली दिसतेय," आणि तीच घाई मला गिळावी लागली. गटाच्या बैठकीत मी म्हटलं, वेळापत्रकाप्रमाणे चालावं. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं, आणि मला संत्र्याची आठवण झाली. त्या दिवशी नेमकं आणलं नव्हतं.

एकदा असंही मनात आलं की जावं आणि बाबांच्या कानात सांगून टाकावं. ते कोणाला सांगणार आहेत? पण मी त्यांना ओळखत होते. असं काही कळल्यावर ते मुलाकडे ज्या नजरेने बघतील, त्या एका नजरेत सगळं फुटेल. मुलगा शंकासुर आहे, आंधळा नाही. मग सहा ठिणग्या आणि आम्हा सगळ्यांची वर्षं उकिरड्यावर, आणि तीही मी टाकलेली.

*

बुधवारी दुपारी आम्ही सगळे हॉस्पिटलात होतो. बाबांना चौथ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली दिली होती. माझी नणंद, शाळेत भूगोल शिकवते ती, उशाशी बसून त्यांची नखं कापत होती.

नखं कापून घेता घेता बाबा नर्सशी गप्पा मारत होते. ती विचारत होती, "आजोबा, तुम्ही आइनस्टाइनला भेटला होता का?"

"तो गेला तेव्हा मला नीट बोलता येत नव्हतं," बाबा म्हणाले. "नाहीतर दोन प्रश्न विचारले असते."

नर्स गेल्यावर नणंदेने विषय काढलाच. "काय रे दादा, ठिणग्या पडल्या म्हणे तुमच्या. सापडलं का काही?"

नवऱ्याने माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. "मीठच असणार. आशा लावून बसू नका, बाबा. सगळं झालं की निवांत बघू."

"बरं," बाबा म्हणाले. एवढंच. त्यांचा हात लेकीच्या हातात होता, तो त्यांनी हळूच काढून पांघरुणाखाली घेतला.

"पण वहिनीला माहीत आहे ना?" नणंद माझ्याकडे वळली. "मग एवढं काय ते ताणायचं? वहिनी, बाबा उद्या आत जातायत गं. नियमबियम ठेव बाजूला. हो की नाही, तेवढं सांग."

खोलीत तिघंही थांबले होते. बाबा छताकडे बघत होते. मला वाटलं, आत्ता रडू फुटलं तर सगळं संपलं. मी खुर्चीवरून उठले, पाण्याचा जग घेतला आणि "पाणी संपलंय" म्हणून बाहेर आले. जग काठोकाठ भरलेला होता. दारातून बाहेर पडताना तो माझ्या अंगावर सांडला.

नवरा मागोमाग आला. "तिचं मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला. "तिला काय कळतंय."

"तू झडपेचं काम परवाच संपवलंयस," मी म्हणाले. आवाज दाबायचा प्रयत्न केला, पण राग दाबता येत नव्हता. "उगाच घोळ घालतोयस. आज संध्याकाळपर्यंत चाळणी पक्की कर."

"कशाला? त्यांना आजच तोंडावर पाडायला?"

"काम झालंय तर उघडायचं, एवढंच. तुझ्या मायेपोटी टाकी थांबत नाही."

"तुला एवढी घाई का?" तो म्हणाला, आणि स्वतःचा नियम मोडून त्याने थेट माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बघू नकोस!" मी ओरडले. "माझ्या तोंडाकडे बघू नकोस!"

त्याला आपली चूक कळली. त्याने झटकन पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. मीही दुसऱ्या भिंतीकडे तोंड केलं. दोन मोठी माणसं हॉस्पिटलच्या मधोमध एकमेकांकडे पाठ करून उभी राहिलेली बघून औषधांची गाडी ढकलणारी मावशी थबकली. "काही पाहिजे का?" तिने विचारलं. "नको," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

ती गेल्यावर नवरा भिंतीलाच म्हणाला, "मला कळतंय तुझं काय होतंय. बाबांच्या समोर गप्प बसणं तुला जड जातंय. मीठ घालून त्यांच्या डोळ्यांत बघायचं म्हणजे... सोपं नाही. म्हणून तुला हे लवकर संपवायचंय. मी काही विचारत नाही."

अगदी उलटं. इतका हुशार माणूस आणि इतका उलटा निष्कर्ष. मी भिंतीवरचा हात धुण्याच्या सूचनांचा कागद वाचत राहिले.

मग माझं लक्ष गेलं. बाबांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आमचं सगळं बोलणं आत ऐकू गेलं होतं.

*

थोड्या वेळाने नणंद कँटीनला गेली आणि नवरा सर्जन बाईंना भेटायला. मी आणि बाबा दोघंच राहिलो. मी त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी बसले, तोंड खिडकीकडे करून.

"कपडे ओले झालेत तुझे," बाबा म्हणाले.

"वाळतील."

"हं." मग काही वेळ ते श्वास घेत राहिले. त्यांना दोन वाक्यांच्या मध्ये थांबावं लागायचं. "तुला एक सांगतो. तू काही बोलायचं नाहीस. खिडकीबाहेरच बघ."

मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं.

"मागच्या वेळी मी मीठ घातलं होतं ना, तेव्हा प्रत्येक बैठकीला मी नवी शंका काढायचो. हे तपासा, ते तपासा. सगळे म्हणायचे, म्हातारा काय काटेकोर आहे. कसला काटेकोर. मला तो दिवस पुढे ढकलायचा होता. ती पोरं नाचत होती. हिने माझा हात धरला होता. तो दिवस कधी उजाडूच नये, असं वाटायचं मला."

ते थांबले. मी चादरींकडे बघत होते. चादरी मला धूसर दिसत होत्या.

"ज्याने मीठ घातलेलं असतं, त्याला घाई नसते गं," बाबा म्हणाले.

मी हलले नाही. श्वासही जपून घेतला. माझा भिंतीसारखा चेहरा खिडकीकडे होता हे बरं झालं, कारण तो आता भिंतीसारखा राहिला नव्हता. गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि ते पुसायला हात उचलणं म्हणजेसुद्धा काहीतरी सांगणं झालं असतं.

मागून हसल्यासारखा आवाज आला. किंवा रडल्यासारखा. मी वळून बघितलं नाही.

"छान आहे," बाबा म्हणाले.

न राहवून मी विचारलं, "काय?"

"उशी," ते म्हणाले. "उशी फार छान आहे या लोकांची."

दारात पावलं वाजली. नवरा आत आला. मी आता खरोखर घाबरले. बाबा त्याच्याकडे कसे बघतात, यावर सगळं होतं. मी पलंगाच्या दांडीला घट्ट धरून बसले.

बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मुलाची चाहूल लागल्यावर, मुद्दाम, घट्ट मिटले होते. डोळे न उघडताच ते म्हणाले, "झडपेचं तू काय केलंस ते सांग."

नवऱ्याने सांगितलं. धातूचा नमुना तपासला, गणित केलं, बहुतेक काही झिरपत नाही.

"बहुतेक?"

"म्हणजे... झडप काढून वेगळी ठेवून महिनाभर मोजली तर खात्री होईल. पण मिठासाठी एवढा खटाटोप कोण करतं?"

"मीठ आहे की नाही, हा तुझा प्रश्नच नाही," बाबा म्हणाले. आवाज एकदम पहिल्यासारखा झाला होता, वर्गात फळ्यासमोर असायचा तसा. "झडप काढ. महिनाभर मोज. त्याशिवाय चाळणी पक्की करायची नाही. माझ्यासाठी लांबवू नकोस आणि माझ्यासाठी उरकूही नकोस. काय?"

"बरं," नवरा म्हणाला. त्याला वाटलं, म्हातारा नेहमीप्रमाणे काटेकोरपणा करतोय.

महिनाभर. बाबांकडे एक रात्र होती, आणि ते आपल्या तोंडाने महिना मागत होते. मला त्यांचं तोंड धरावंसं वाटलं. मी काहीच केलं नाही. पांघरूण त्यांच्या पावलांवरून सरकलं होतं, ते नीट केलं.

गुरुवारी सकाळी त्यांना आत नेताना त्यांनी लेकीच्या गालावर हात ठेवला, मुलाला म्हणाले, "झडप विसरू नकोस." माझ्याशी ते काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. मला त्याचा अर्थ कळला आणि मी तिथेच, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले. तेवढं चालण्यासारखं होतं. सुना रडतात अशा वेळी.

बाबा शुद्धीवर आले नाहीत.

*

झडप महिनाभर मोजली. नवऱ्याने ते काम असं केलं की जणू बाबा मागे उभे राहून बघतायत. काही झिरपत नव्हतं. मग त्याने आणखी दोन शंका काढल्या आणि त्याही स्वतःच मिटवल्या. मला आता घाई नव्हती. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती, कारण त्या बुधवारी माझ्या हट्टापायी चाळणी पक्की झाली असती, तर पहिल्याच दिवशी जगाने झडपेकडे बोट दाखवलं असतं आणि आमच्याकडे उत्तर नसतं.

उघडायच्या दिवशी खोली भरली होती. सगळ्यांनी एकेक करून सांगितलं, चाळणी पक्की आहे. नवऱ्याने सगळ्यात शेवटी सांगितलं. सहाच्या सहा ठिणग्या चाळणीवर उरल्या होत्या.

"चला मीठवाली," पंपवाला म्हणाला. "काढा तुमचं मीठ. घरी जाऊ."

मी उभी राहिले. इतके दिवस तोंडात धरलेली मिठाची गुळणी थुंकायची वेळ आली होती.

"मी काहीच घातलं नव्हतं," मी म्हणाले. "फासे तसेच पडले होते. यातली एकही माझी नाही."

कोणी ओरडलं नाही. पंपवाला खाली बसला, खुर्ची कुठे आहे ते न बघता, आणि जवळजवळ पडला. दुसऱ्या खाणीतल्या दुसऱ्या टाकीने हेच पाहिल्याशिवाय याला शोध म्हणायचा नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी कुणीतरी मागे रडायला लागलं होतं.

नवरा माझ्याकडे बघत होता. किती दिवसांनी त्या खोलीत तो माझ्याकडे बघत होता.

"मी त्यांना सांगितलं," तो म्हणाला. "मीठच असणार, आशा लावून बसू नका. आत जाण्याआधी मी त्यांना हे सांगितलं."

"त्यांना कळलं होतं," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तू सांगितलंस?"

मी हो म्हटलं असतं तर त्या सहा ठिणग्या तिथेच विझल्या असत्या, आणि त्या क्षणी, वडिलांसाठी तुटत असतानाही, माझा नवरा तेच विचारत होता. बाबांचाच मुलगा.

"नाही," मी म्हणाले. "एक शब्द नाही. त्यांनी माझी घाई ओळखली. म्हणाले, ज्याने मीठ घातलेलं असतं त्याला घाई नसते."

"कधी?"

"तू सर्जन बाईंकडे गेला होतास तेव्हा."

तो आठवत होता. मला दिसत होतं, तो त्या खोलीत परत गेला होता, पलंगापाशी, त्या मिटलेल्या डोळ्यांपाशी. "मी आत आलो, तेव्हा त्यांना माहीत होतं?"

"हो."

"आणि त्यांनी मला झडप मोजायला सांगितली."

"हो."

"डोळेसुद्धा उघडले नाहीत," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्याकडे बघायचं नाहीये त्यांना. महिनाभर तेच वाटत होतं मला." मग तो टेबलाला धरून खाली वाकला आणि लहान मुलासारखा रडला. त्या रडण्यात त्याची आईसुद्धा होती, तिने धरलेला तो हात होता, आणि तेव्हा काहीच न बोललेला बाप होता.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. आता माझ्या चेहऱ्याकडे कोणीही बघितलं असतं तरी चाललं असतं.